हातघाई (मराठा युद्धपद्धती)

हातघाई : तोफ, बंदूक, बाण ही लांबून मारण्याची साधने मागे पडून दोन्हीकडचे लढणारे एकमेकांच्या शस्त्राच्या टप्प्यात येतात, तेव्हाच्या समोरासमोरच्या लढाईस मराठीत हातघाई म्हणतात. तलवार, पट्टा, भाला, विटा, कट्यार, ढाल आणि सगळे हातचे गेले तर नुसती कुस्ती, ही तिची साधने. ‘प्रकरण हातघाईवर आले’ असे आज नळावरच्या भांडणालाही म्हणतात. मूळ शब्द रणातला आहे. प्रस्तुत नोंदीत सतराव्या शतकातील मराठा युद्धपद्धतीत हातघाईचे आणि तिच्यासाठी घोटवल्या जाणाऱ्या शस्त्रविद्येचे प्रयोजन काय होते, ते पाहिले आहे. हीच विद्या पुढे ‘मर्दानी खेळ’ या नावाने टिकून राहिली.

शस्त्रविद्या शत्रूला मारण्यासाठी असते, हे उत्तर अपुरे आहे. शिवकाळातील नामांकित झुंजी एकापुढे एक ठेवून पाहिल्या, की त्यांत एक समान धागा दिसतो. थोडी माणसे एखादी अरुंद जागा घटका-दोन घटका, क्वचित प्रहर-दोन प्रहर, धरून ठेवतात आणि तेवढ्या वेळात खरे काम दुसरीकडे होते. राजा गडावर पोहोचतो, दरवाजा उघडतो, रानात दडलेली फौज बाहेर पडते. मराठीत यासाठी ‘खिंड लढवणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. हातघाईचे मुख्य प्रयोजन हे खिंड लढवणेच होते. लढाईचा निकाल अनेकदा दुसरीकडे लागे, पण तो लागेपर्यंत कोणीतरी उभे राहावे लागे.

घोडखिंड, १३ जुलै १६६०

आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्यावरून निसटले आणि भर पावसात विशाळगडाकडे निघाले. पाठलाग सुरू झाल्यावर बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत, म्हणजे पुढे पावनखिंड म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, मागे राहून वाट अडवली. महाराज गडावर पोहोचल्याची खूण तोफेच्या बारांनी द्यायची, असे ठरल्याचे परंपरा सांगते. ते बार ऐकेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही आणि तिथेच देह ठेवला.

या झुंजीकडे नुसत्या शौर्याची गोष्ट म्हणून पाहिले, तर तिच्यातली युद्धविद्या नजरेआड होते. आषाढाचा पाऊस लागला, की तोड्याच्या बंदुकीचा तोडा, म्हणजे दारू पेटवणारी वात, विझतो, दारू भिजते. बाण ओढायचा तर प्रत्यंचा ओलावलेली. अशा दिवशी हातातल्या पोलादावरच भिस्त. त्यात जागा अशी, की मागचे सैन्य कितीही मोठे असो, पुढे एका वेळी मोजकीच माणसे येऊ शकतात. पायाखाली निसरडे दगड आणि वाहते पाणी. संख्येचा फायदा खिंडीच्या तोंडाशी संपतो. तिथून पुढे प्रश्न उरतो तो एवढाच : समोरचा माणूस दमेल आधी, की मी? रात्रभर चिखल तुडवत आलेल्या माणसांनी त्या प्रश्नाचे उत्तर दिले. तालमीत वर्षानुवर्षे मारलेल्या जोर-बैठकांचा अर्थ अशा वेळी कळतो. दम टिकणे ही शस्त्रविद्येची पहिली पायरी होती, तलवारीचा हात त्यानंतरची.

पट्टा

अशा जागेसाठी मराठ्यांच्या हाती जे शस्त्र सर्वांत चपखल बसले, ते म्हणजे पट्टा, बोलीत दांडपट्टा. त्याचे पाते सरळ, लवचिक, दुधारी, साधारण ३ ते ४ फुटांचे. मुठीच्या जागी खोबळा असतो : पोलादी पत्र्याचा, आतून गादी लावलेला, कोपराच्या खालचा सगळा हात झाकणारा. आत आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. एकदा हात खोबळ्यात गेला, की मनगट वळत नाही. तलवारबाज मनगटाच्या झटक्याने वार फिरवतो. पट्टेकऱ्याला ती सोयच नाही. त्याचा वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, म्हणून सगळे अंग फिरते आणि अंग फिरायचे तर आधी पाय फिरावे लागतात.

ही अडचण वाटते खरी, पण शस्त्राचे सामर्थ्य तिच्यातच आहे. पाते आणि हात एकच लांब काठी झाल्यासारखे होतात, वर्तुळ मोठे पडते आणि एक माणूस चौफेर येणाऱ्या अनेकांना अंतरावर ठेवू शकतो. कोपरापर्यंतचा हात झाकलेला असल्याने समोरच्याला हातावर वार करून शस्त्र पाडण्याची संधी मिळत नाही. उलट पट्टा आपल्याच माणसांच्या गर्दीत चालवता येत नाही. शेजारचा सोबतीच कापला जाईल. मोकळी जागा करून देणारे आणि ती मोकळीच ठेवणारे असे हे हत्यार. घेरल्या गेलेल्या, पाठ राखणाऱ्या, दरवाजात उभे राहिलेल्या माणसाला ते शोभते.

पट्टा मराठी भाषेत किती खोल रुतला आहे, हे पाहण्यासारखे आहे. ‘पटाईत’ म्हणजे मुळात पटा चालवण्यात तरबेज असलेला. आता पोहण्यात पटाईत, हिशेबात पटाईत. थांबायचे नाव न घेणाऱ्याच्या ‘तोंडाचा पट्टा’ सुटतो. वर्तमानपत्रात पुढारी आक्रमक ‘पवित्रा’ घेतात. पवित्रा म्हणजे वार करण्यापूर्वी पायांनी घेतलेली जागा.

बाकीची शस्त्रे

तलवारीत सरळ पात्याची धोप आणि वाकड्या पात्याची समशेर हे दोन्ही प्रकार चालत. युरोपातून आलेल्या पात्यांना फिरंग म्हणत आणि त्यांना मोठी मागणी असे. ढाल गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची. स्वाराकडे भाला असे. विटा हा भाल्याचा मराठ्यांकडे नावाजलेला प्रकार, ज्याला दोरी बांधलेली असे. फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा. विटा चालवणारा तो विटेकरी. घोड्यावरून भाला चालवण्याचा सराव बोथाटीने होई. ही बोथट टोकाची काठी. तिच्या टोकाला कापडाचा बोंडा असतो, त्यामुळे घाव लागला तरी जीव जात नाही. तलवारीच्या सरावासाठी फरी-गदका : चामडे चढवलेली काठी आणि छोटी ढाल. काळविटाची दोन शिंगे उलटसुलट जोडून केलेला माडू एकाच वेळी अडवतो आणि भोसकतो.

वाघनखे आणि बिचवा (वाकड्या पात्याची छोटी कट्यार) यांची कीर्ती प्रतापगडामुळे झाली. ही हातघाईतली अगदी शेवटची शस्त्रे. मिठीच्या अंतरावर चालणारी.

प्रतापगड आणि सिंहगड

१० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीत जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. पण भेटीच्या शामियान्यात महाराजांचे प्राण दुसऱ्यांदा वाचले ते जिवा महालामुळे. खान कोसळल्यावर त्याचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर धावला आणि जिवाने त्याचा हात वरच्या वर छाटला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथून आली. इथे पट्टेकऱ्याला हरवायची वाट दिसते : पट्टा खाली येऊ लागल्यावर त्याला अडवणे फार कठीण, म्हणून वार निघण्याआधी, हात उचललेला असताना, खोबळ्याच्या वरचा उघडा दंड गाठायचा. पापणी लवायच्या आत घेतलेला हा निर्णय आहे. विचार करून तो घेता येत नाही. अंगात मुरलेला असावा लागतो.

तरीही अफजलखानाची फौज शामियान्यात हरली नाही. इशारत मिळताच जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या तुकड्या तळावर तुटून पडल्या, लढाई तिथे जिंकली गेली. शामियान्यातल्या दोन-चार माणसांनी त्या फौजेसाठी दार उघडले, एवढेच म्हणायचे. पण ते उघडले नसते तर रानातली फौज रानातच राहिली असती.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कडा चढून कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, शिरले आणि किल्लेदार उदेभान राठोडाशी त्यांची गाठ पडली. राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत या झुंजीचा एक तपशील आहे. तानाजींची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, त्यावर वस्त्राचे वेढे घेतले आणि वार झेलत उजव्या हाताने लढत राहिले. दोघेही पडले. सरदार पडला, की माणसे पाय काढता घेतात, ही त्या काळच्या लढायांतली नेहमीची गोष्ट. इथे तानाजींचे भाऊ सूर्याजी मालुसरे यांनी ती थोपवली आणि गड घेतला.

ढाल तुटल्यावरचा तो क्षण शस्त्रविद्येच्या साऱ्या ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. शस्त्र हातात असताना काय करायचे हे कोणीही शिकवील. शस्त्र मोडल्यावर अंगावरचे कापड हाती येते, कारण डावा हात रिकामा ठेवायचा नाही, हे लहानपणापासून घोटलेले असते.

जिथे उपयोग झाला नाही

हातघाईला मर्यादा होती आणि ती त्या काळच्या लोकांना चांगली ठाऊक होती. १६६५ मध्ये दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला. मुरारबाजी देशपांडे निवडक ७०० माणसांनिशी गडावरून उतरून थेट मोगलांच्या गर्दीत घुसले. दिलेरखानाने त्यांची हिंमत पाहून अभयाचा कौल देऊ केला. तो झिडकारून ते पुढे धावले आणि खानाच्या बाणाने पडले. पुरंदर तरीही वाचला नाही. मोगलांच्या तोफांनी शेजारचा वज्रगड आधीच घेतला होता आणि जूनमध्ये झालेल्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. तोफांचा मारा तलवारीने परतवता येत नाही.

नेसरीची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. आदिलशाही सरदार बहलोलखानाला एकदा सोडून दिल्याबद्दल महाराजांनी बोल लावला, तो सरनौबत प्रतापराव गुजरांच्या मनाला इतका लागला, की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघे सहा स्वार बरोबर घेऊन ते खानाच्या फौजेवर चालून गेले. सातही जण मारले गेले. त्यांच्या निष्ठेपुढे मान लवते, आजही नेसरीच्या खिंडीत उभे राहिले तर घसा दाटतो. पण युद्धविद्या म्हणून पाहता इथे मागे कोणी पोहोचायचे नव्हते, कोणते दार उघडायचे नव्हते. स्वराज्याने राज्याभिषेकाच्या सुमारे साडेतीन महिने आधी आपला सेनापती गमावला. घोडखिंड आणि नेसरी यांतला फरक धैर्याचा मुळीच नाही. तो प्रयोजनाचा आहे.

लढवय्या : घडण आणि शिस्त

हातघाईत उतरणारा हा माणूस बहुतेक वेळा शेतकरी होता. पावसाळ्यात फौज छावणीला परते, दसऱ्याला शिलंगण करून मुलूखगिरीला निघे. मधले चार महिने शेताचे तसे तालमीचेही. गावच्या तालमीत मारुती, समोर लाल मातीचा हौदा. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या त्या मातीत आधी कुस्ती, मग लाठी, मग लोखंड. वस्ताद शिकवी तो पट्ठा.

सैन्यात पायदळाला हशम म्हणत. घोडदळात सरकारी घोडा व हत्यार मिळणारा तो बारगीर, स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार अशी उतरंड होती आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद (नाल ठोकणारा) नेमलेला असे. माणूस पारखून घेतला जाई आणि त्यासाठी आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन लागे.

शस्त्र हाती दिले, की ते कोणावर चालवायचे नाही हेही सांगावे लागते. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. मोडणाऱ्याची गर्दन मारण्याचा हुकूम होता. शत्रूच्या मुलखातही बायका-पोरांना हात लावायचा नाही. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागाल आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. दिव्याच्या वातीपर्यंत जाणारी ही काळजी लढवय्याच्या शिक्षणाचाच भाग मानायला हवी. घोडखिंडीत अखेरपर्यंत उभी राहणारी माणसे अशा शिस्तीतून येतात.

राज्याकडूनही देणे असे. प्रतापगडाच्या लढाईनंतर पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले गेले; ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन (सोन्याची नाणी) दिल्याची नोंद सभासदाने केली आहे. जखमेचा दर ठरलेला असणे हे वाचताना आज कठोर वाटेल. पण आपल्यामागे घर उघडे पडणार नाही, एवढी खात्री असलेला माणूसच खिंडीत मागे राहायला तयार होतो.

अठरावे शतक

पहिल्या बाजीरावाच्या घोडदौडीत हातघाईचे महत्त्व उतरले. १७२८ मध्ये पालखेडला निजाम कोंडला गेला तो वेगाने आणि रसद तोडून. पुढे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व कवायती पलटणी आल्या, महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून कंपू, म्हणजे कवायती फौजा, उभारून घेतले. १७६१ च्या पानिपतावर आणि १८०३ च्या आसईवर हातघाई झाली, तीही भीषण. तोवर लढाईचा नूर मात्र तोफखाना आणि फळी यांच्या हाती गेला होता. एकट्या पटाईताचे दिवस सरत आले होते.

राज्य गेल्यावर

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शस्त्र धरणाऱ्या हजारो हातांचे काम गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने घरात हत्यार बाळगण्यावर बंधने आली. विद्या तालमीत उतरली आणि लाठी, लेझीम, फरी-गदका, मल्लखांब या रूपांनी जगली. मल्लखांबाला नवे रूप देण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते.

या काळातले ठळक नाव लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांचे. पुरंदरच्या पायथ्याच्या मातंग समाजातील हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या लढवय्यांचे. त्यांचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. लहुजींनी पुण्यात तालीम चालवली आणि जातपात न पाहता शिकवले. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले, वासुदेव बळवंत फडकेही त्यांचेच पट्ठे. हरलेल्या राज्याची शस्त्रविद्या एका उपेक्षित समाजातल्या वस्तादाने पुढच्या पिढीच्या हाती दिली, ही गोष्ट मर्दानी खेळांच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जायला हवी, तितकी सांगितली जात नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी बहरल्या, खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली.

बंदुकीच्या युगातही हातघाई पूर्ण संपली नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, टॉमी गनने आणखी एकाला टिपले. दोघे उरले होते आणि गोळ्या बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने दोघांना ठार केले. मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. माणगाव तालुक्यातल्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सिंहगडावर ढाल तुटल्यावर वस्त्र हाती आले, इथे गोळ्या संपल्यावर बंदुकीची लाठी झाली.

आजचे रूप

शिवजयंतीला, ६ जूनच्या रायगडावरील राज्याभिषेक सोहळ्यात, कोल्हापूरच्या दसऱ्यात आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत मर्दानी खेळांची प्रात्यक्षिके होतात. हलगी, घुमके, कैताळ यांच्या ठेक्यावर लाठी फिरते, पट्ट्याने लिंबू कापले जाते. मुलींची पथके आता जागोजाग दिसतात आणि अनेक ठिकाणी त्याच पुढे असतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केले.

प्रात्यक्षिकात वेगाला टाळ्या पडतात, त्यामुळे नुसते गरगर फिरवण्याकडे ओढा वाढला आहे. जुन्या वळणाचे वस्ताद मात्र पात्याकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. लिंबू कापण्यातही खरी परीक्षा तीच : मुलगा जमिनीवर आडवा, त्याच्या गळ्यावर लिंबू, पट्टेकरी फिरत फिरत जवळ येतो आणि पाते लिंबातून जाऊन कातडीच्या वर थांबते. पाय अर्धी वीत चुकला तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून नव्या मुलाच्या हाती पट्टा दिला जात नाही. त्याला लाठी मिळते आणि बरेच दिवस त्याच्याकडून पवित्रेच घोटून घेतले जातात : डावा पाय पुढे, उजवा मागे, वळ, परत.